नामावली आधी, माणसे नंतर : म्यानमारच्या वांशिक शिरगणतीचा प्रश्न

थेरवाद परंपरेचा एक प्रमुख आधार मानल्या जाणाऱ्या म्यानमार देशात, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशात, किती लोक राहतात हे २०१४ सालापर्यंत तेथील शासनालाही नक्की ठाऊक नव्हते. शासकीय कागदपत्रांतून सुमारे सहा कोटी हा आकडा वर्षानुवर्षे फिरत होता. १९८३ नंतर तब्बल ३१ वर्षांनी शिरगणती झाली तेव्हा लोकसंख्या ५ कोटी १४ लाख ८६ हजार २५३ इतकी भरली. याचा अर्थ असा की सुमारे ८५ लाख माणसे केवळ कागदावर वावरत होती. गंमत अशी की या नव्या आकड्यातही १२ लाख ६ हजार ३५३ माणसे प्रत्यक्ष मोजलेली नव्हती. ती अनुमानाने धरली होती. नसलेली माणसे हिशेबात आणि असलेली माणसे हिशेबाबाहेर, असा हा प्रकार आहे. त्यात आणखी एक भर म्हणजे, त्याच गणनेत घरोघर जाऊन प्रत्येकाचा वंश विचारून घेतला गेला. परंतु कोणत्या वंशाचे किती लोक, हा देशाचा आकडा २०२१ च्या लष्करी उठावापर्यंत प्रसिद्ध झाला नाही, आणि त्यानंतरही झाला नाही.

अल्पसंख्य वांशिक समूहांची विश्वसनीय लोकसंख्या मिळविणे इतके अवघड का असावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात या एका देशाच्या उदाहरणावरून करणार आहोत. हे उदाहरण निवडण्यास कारण आहे. याच देशाच्या राजधानीत, रंगून येथे, १९५४ ते १९५६ या काळात छट्ठ संगायन भरले. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने परमपूज्य बाबासाहेब तेथे गेले होते. आमच्या अभ्यासकांच्या टेबलावर असलेले पाली ग्रंथ याच संगायनाच्या पाठाचे आहेत. ज्या देशाचे आपल्यावर असे ऋण आहे, त्या देशाच्या शिरगणतीत काय घडले हे आपण डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे. बौद्ध देश म्हणून त्यास सूट देण्याचे कारण नाही.

शिवाय शिरगणतीचा रकाना म्हणजे काय असतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. नागपूरची दीक्षा या दोन आकड्यांच्या मधे उभी आहे. परंतु सवलती जातील या भीतीने पुढेही कितीतरी कुटुंबांनी मनात एक आणि रकान्यात दुसरेच लिहिले, कारण १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. माणूस तोच, घर तेच, पण रकान्यामागे कायदा काय उभा आहे यावर उत्तर बदलते. हा अनुभव मनाशी ठेवून पुढील हकीकत वाचावी.

ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता. त्यामुळे १८७२ पासून तेथे ज्या शिरगणत्या झाल्या, त्या आपल्याकडील शिरगणतीचाच भाग होत. आपल्या मुलखात ज्या यंत्रणेने जातींचे तक्ते तयार केले, तीच यंत्रणा तेथे गेली. तेथे आपल्यासारखी जातिव्यवस्था नव्हती. तेव्हा तक्ता भरावयाचा कसा, असा पेच पडला आणि अधिकाऱ्यांनी भाषा ही वंशाची खूण मानली. जो शान भाषा बोलतो तो शान, जो कारेन भाषा बोलतो तो कारेन. कार्यालयात बसून ही पद्धत सोयीची वाटते. डोंगरात ती टिकत नाही. काचिन टेकड्यांवरील एखादे कुटुंब खोऱ्यात उतरते, पाण्याखालची भातशेती करू लागते, शान सरदाराचे आश्रित होते, बौद्ध विहारात जाऊ लागते आणि दोनतीन पिढ्यांत ते शान म्हणूनच ओळखले जाते. एडमंड लीच या मानवशास्त्रज्ञाने १९५४ साली याच विषयावर ग्रंथ लिहून हे स्थित्यंतर सविस्तर दाखविले. पण त्यापूर्वीच, १९३१ च्या शिरगणतीच्या अहवालात, ब्रह्मदेशातील भाषा आणि वंश यांच्या सीमा अत्यंत अस्थिर आहेत अशी कबुली आलेली आहे. कबुली दिली आणि तक्ते मात्र तसेच छापले.

त्या १९३१ च्या तक्त्यांचे महत्त्व फार मोठे आहे, कारण संपूर्ण तपशील असलेली ती वसाहतकाळातील शेवटची गणना ठरली. १९४१ ची गणना झाली, परंतु तिचे बहुतेक कागद महायुद्धात नष्ट झाले. स्वातंत्र्यानंतर १९५३-५४ मध्ये टप्प्याटप्प्याने गणना सुरू झाली. बंडाळीमुळे ती अपुरी राहिली. पुढे १९७३ आणि १९८३ अशा दोन गणना झाल्या. १९८३ चे जाहीर प्रमाण असे होते : बमार ६९ टक्के, शान ८.५, कारेन ६.२, राखाइन ४.५, मोन २.४, चिन २.२, काचिन १.४ आणि काया ०.४ टक्के. आजही म्यानमारविषयीच्या बहुतेक पुस्तकांत जे वांशिक प्रमाण दिलेले असते ते याच चाळीस वर्षांपूर्वीच्या गणनेवर उभे आहे. सीमेवरील बराच मुलूख तेव्हा शासनाच्या ताब्यात नव्हता. अल्पसंख्य समूहांचे नेते तर प्रथमपासून म्हणत आले की बमारांचा आकडा फुगविलेला आहे आणि आमचा दाबलेला आहे. ते खरे की खोटे हे तपासण्याचे साधनच उपलब्ध नव्हते.

येथे थोडा शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. ब्रह्मी भाषेत वंशासाठी ‘लूम्यो’ हा शब्द आहे. ‘लू’ म्हणजे मनुष्य आणि ‘म्यो’ म्हणजे प्रकार. म्हणजे माणसाचा प्रकार. दुसरा शब्द ‘तैंयिन्था’, म्हणजे या देशाची मूळची लेकरे, भूमिपुत्र. तिसरा शब्द पालीच्या अभ्यासकास चटकन ओळखू येईल असा आहे : ‘बाथा’. हा पाली ‘भासा’ या शब्दाचाच ब्रह्मी अवतार. परंतु ब्रह्मी भाषेत त्याचा अर्थ भाषा असाही होतो आणि धर्म असाही होतो. बौद्ध धर्मास ते ‘बुद्ध बाथा’ म्हणतात. भाषा, धर्म आणि वंश ही तीन वेगळी विचारणीय अंगे आहेत असे शिरगणतीचे शास्त्र मानते, आणि व्यवहारात मात्र ती एकमेकांत अशी मिसळलेली आढळतात. बमार घरात जन्मलेला, ब्रह्मी हीच मातृभाषा असलेला मुसलमान जेव्हा आपण बमार आहोत असे सांगतो, तेव्हा अधिकाऱ्यास ते पटत नाही. त्याच्या ओळखपत्रावर मिश्र रक्ताचा असे लिहिले जाते. बौद्ध नसलेला बमार ही कल्पनाच त्या अधिकाऱ्याच्या रकान्यात मावत नाही.

तथागतांनी या प्रश्नास दिलेले उत्तर सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात आहे. गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, पक्षी यांच्यात जन्मानेच वेगवेगळी लक्षणे आढळतात. मनुष्यांत तशी लक्षणे नाहीत. मनुष्यांतील भेद हे नावाने, म्हणजे ‘समञ्ञेने’, व्यवहाराने पडलेले आहेत, असा त्या उपदेशाचा आशय आहे. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. नाव व्यवहाराने पडलेले आहे म्हणजे ते निरर्थक आहे, असे तथागत म्हणत नाहीत. त्याच सुत्तात शेती करणाऱ्यास शेतकरी आणि व्यापार करणाऱ्यास व्यापारी म्हणावे असे सांगितले आहे. नाव हे मनुष्याच्या जगण्यातून येते एवढाच त्याचा इत्यर्थ. म्यानमारमध्ये याच्या अगदी उलट झाले. तेथे नाव आधी कायद्यात गोठविले आणि मग माणसे त्यात बसवावयास घेतली.

हे गोठविण्याचे काम १९८२ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने केले. १८२३ पूर्वी, म्हणजे पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धापूर्वी, जे वंश या भूमीत स्थायिक होते तेच जन्मतः पूर्ण नागरिक, असा नियम झाला. काचिन, काया, कारेन, चिन, बमार, मोन, राखाइन आणि शान ही आठ नावे कायद्यातच आली. अन्य कोणता वंश राष्ट्रीय आहे अथवा नाही हे ठरविण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे ठेवला. १९९० मध्ये शासकीय वृत्तपत्रातून १३५ राष्ट्रीय वंशांची यादी प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ‘एकशे पस्तीस’ हा आकडा त्या देशात जवळजवळ मंत्रासारखा उच्चारला जातो.

या यादीची रचना पाहण्यासारखी आहे. काचिनांचे १२, कायांचे ९, कारेनांचे ११, चिनांचे ५३, बमारांचे ९, मोनांचा १, राखाइनांचे ७ आणि शानांचे ३३ असे पोटभेद मिळून १३५ ची बेरीज होते. ही विभागणी कोणत्या तत्त्वावर झाली हे शोधू लागले की तत्त्व हाती लागत नाही. शानांच्या ३३ मध्ये पाओ आहेत, पलाउंग आहेत, वा आहेत. शान भाषा थाई कुलातील. पाओंची भाषा कारेन गटातील. पलाउंग आणि वा यांच्या भाषा मोन-ख्मेर कुलातील. हे सर्व शान राज्यात राहतात म्हणून शान! दक्षिणेकडील बेटांवर नौकांतून राहणारे सलोन, ज्यांस मोकेन असेही म्हणतात, त्यांची भाषा मलाय-बेटांकडील भाषाकुलाची. पण यादीत ते बमारांचे पोटभेद आहेत. नागांची नोंद चिनांखाली आहे. उलट चिनांचे जे ५३ भेद दाखविले आहेत त्यांत कित्येक नावे कुळांची आणि गावांची आहेत, अशी चिन लोकांची तक्रार आहे. एके ठिकाणी निरनिराळे लोक एका नावाखाली घातले, दुसरीकडे एकच लोक पन्नास नावांत वाटून टाकले.

राखाइनांखालील सात नावांकडे आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. त्यांत ‘दैंग्नेत’ हे एक नाव आहे. दैंग्नेत म्हणजे आपल्याकडे मिझोराम, त्रिपुरा आणि अरुणाचलात असलेल्या चकमा बौद्धांचे निकटचे आप्त. त्यांची बोली आर्यकुलातील असून चित्तगोंगच्या बोलीशी तिचे जवळचे नाते आहे. ते बौद्ध आहेत आणि यादीत आहेत. त्याच प्रदेशात तशाच चित्तगोंगी वळणाची बोली बोलणारे रोहिंग्या मुसलमान यादीत नाहीत. तेव्हा भाषा ही कसोटी असती तर दोघांस एकच न्याय लागला असता. केवळ धर्म ही कसोटी आहे असेही म्हणता येत नाही, कारण कमान हा मुस्लिमधर्मीय समूह राखाइनांच्या त्याच सातांत समाविष्ट आहे. अर्थात यादीत असल्याने कमानांचे रक्षण झाले असे मात्र नाही. २०१२ च्या दंगलीत त्यांचीही घरे जळाली.

आता या यादीचा आणि संख्येचा संबंध कोठे येतो ते पाहू. २००८ च्या राज्यघटनेनुसार एखाद्या राज्यात वा प्रदेशात राहणाऱ्या राष्ट्रीय वंशाची तेथील लोकसंख्या देशाच्या एकूण लोकसंख्येच्या किमान ०.१ टक्का असेल, आणि त्या वंशाचे तेथे स्वतःचे राज्य किंवा स्वयंशासित क्षेत्र नसेल, तर त्यास विधिमंडळात स्वतंत्र प्रतिनिधी निवडता येतो. हाच प्रतिनिधी पुढे त्या वंशाच्या कारभाराचा मंत्री होतो. २०१० पासूनच्या निवडणुकांत अशा २९ जागा होत्या. सहा कोटी लोकसंख्या धरली तर ०.१ टक्का म्हणजे ६० हजार. सव्वापाच कोटींच्या आत लोकसंख्या आली तर हाच उंबरठा साडेएकावन्न हजारांवर येतो. समजा, एका समूहाचे ८० हजार लोक एका प्रदेशात आहेत. ते सर्व एका नावाखाली लिहिले गेले तर जागा मिळते. चार पोटनावांखाली वीसवीस हजार लिहिले गेले तर एकही मिळत नाही. कोणी कोठे राहावयास गेले नाही, कोणी जन्मले नाही, कोणी मेले नाही. केवळ रकाने बदलले.

म्हणूनच २०१४ ची गणना जवळ आली तेव्हा काचिन, चिन, कारेन, शान अशा अनेक समूहांच्या संघटनांनी १३५ च्या यादीस विरोध केला. कित्येकांचे म्हणणे होते की आमच्या लोकांनी पोटभेद न सांगता मोठे नाव सांगावे. उलट काही लहान समूहांस मोठ्या नावाखाली बुडून जाण्याची भीती वाटत होती. काचिनांच्या छत्राखाली गणल्या जाणाऱ्या लिसू आणि रावांग यांच्यात असा विचार बोलून दाखविणारे लोक होते. या दोन्ही भीती खऱ्या आहेत असे आम्हांस वाटते आणि त्यांचा निकाल कोणत्याही संख्याशास्त्रज्ञास आकडेमोडीने लावता येणार नाही. आंतरराष्ट्रीय अभ्यासगटांनी फेब्रुवारी २०१४ मध्येच इशारा दिला होता की वंश आणि धर्म यांविषयीचे प्रश्न या वेळी बाजूस ठेवावेत. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचे साहाय्य या गणनेस होते. ४१ प्रश्नांचे प्रपत्र तसेच कायम राहिले.

गणना २९ मार्चच्या मध्यरात्रीपासून १० एप्रिलपर्यंत झाली. प्रगणक प्रामुख्याने शाळांचे शिक्षक, त्यातही शिक्षिका अधिक. आपल्याकडेही हेच काम शिक्षकांच्या गळ्यात पडते, तेव्हा त्यांच्या श्रमांची कल्पना वाचकांस आहेच. प्रत्येक वंशनामास तीन अंकी संकेतांक दिलेला होता. उत्तर ऐकावयाचे, यादीत त्याचा अंक शोधावयाचा आणि तो चौकटीत भरावयाचा. ज्याचे आईवडील भिन्न वंशांचे असतील त्यासही एकच अंक निवडणे भाग होते. डोंगरी खेड्यात प्रश्न विचारणारी शिक्षिका ब्रह्मी बोलणार, उत्तर देणारी वृद्धा कदाचित ब्रह्मी जाणत नसणार, मधे कोणी शेजारी दुभाष्याचे काम करणार, आणि त्याने जे नाव सांगितले ते चौकटीत जाणार. असे असूनही, राखाइन राज्याचा अपवाद वगळता, बहुतेक ठिकाणी गणनेचे काम नियमाप्रमाणे पार पडल्याचे निरीक्षकांनी नमूद केले आहे. हे श्रेय त्या शिक्षकांना दिलेच पाहिजे.

राखाइन राज्यात काय झाले? यादीत ज्यांचे नाव नाही त्यांनी आपले नाव स्वतः सांगावे आणि प्रगणकाने ते ‘अन्य’ या चौकटीत लिहावे, असे आश्वासन शासनाने आधी दिलेले होते. राखाइन बौद्धांच्या काही संघटनांनी बहिष्काराची धमकी दिली. मार्चच्या अखेरीस सित्त्वे शहरात परदेशी मदतसंस्थांच्या कचेऱ्यांवर हल्ले झाले. गणनेस आरंभ होण्याच्या तोंडावर शासनाने जाहीर केले की रोहिंग्या हे नाव लिहून घेतले जाणार नाही. ‘बंगाली’ म्हणावयास तयार असतील त्यांची नोंद होईल. मग प्रगणक दारात येत, वंश विचारीत, ‘रोहिंग्या’ हे उत्तर येताच कागद मिटून पुढच्या घरी जात. त्या घरात किती मुले आहेत, पाणी कोठून आणतात, कोण आजारी आहे, यांतले काहीच विचारले गेले नाही. एका राज्यात अशी १० लाख ९० हजार माणसे वगळली गेली.

राखाइन बौद्धांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा प्रकार समजणार नाही. त्यांचे अराकानचे राज्य १७८४-८५ मध्ये बमार राजाने जिंकले आणि त्यांची परमपूज्य महामुनी बुद्धमूर्ती वरच्या ब्रह्मदेशात नेली; ती आज मंडाले येथे आहे. राखाइन हे स्वतःच एक अल्पसंख्य, दरिद्री आणि दुर्लक्षित समूह आहेत. इंग्रजी अमलात चित्तगोंगकडून शेतमजुरांची मोठी ये-जा झाली हेही खरे. आपलाच मुलूख आपल्या हातून संख्येच्या जोरावर जाईल, ही भीती त्यांच्या मनात खोल आहे. परंतु सर्वच मुसलमान इंग्रजांच्या मागून आले, हा दावा टिकत नाही. कंपनी सरकारचा वैद्य फ्रान्सिस बुकानन याने १७९९ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक लेखात, अराकानात दीर्घकाळ स्थायिक असलेले मुसलमान स्वतःस ‘रूइंगा’ म्हणवितात, अशी नोंद केलेली आहे. कायद्यातील १८२३ च्या आधीची ही नोंद आहे. इंग्रजी शिरगणत्यांत मात्र हे नाव आढळत नाही. तेथे ‘चित्तगोंगी’, ‘अराकानी मुसलमान’ अशी अधिकाऱ्यांनी दिलेली नावे दिसतात. आणि मग शिरगणतीत नाव नाही म्हणून असा वंशच नाही, असा युक्तिवाद आज केला जातो. पूर्वीच्या गणनेतील उणीव पुढच्या गणनेस पुरावा म्हणून कामी येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

याखेरीज काचिन राज्यात बंडखोर संघटनेच्या ताब्यातील भागातील ४६,६०० आणि कारेन राज्यातील ६९,७५३ लोक अनुमानाने धरले गेले. तेथे प्रगणक पोहोचू शकले नाहीत. युद्धामुळे न मोजलेली माणसे आणि नाव नाकारल्यामुळे न मोजलेली माणसे यांत आम्ही भेद करतो. पहिली अडचण शांतता झाल्यावर दूर होते.

ही वगळणूक केवळ वगळलेल्यांचेच नुकसान करून थांबली नाही. सर्व देशाचे आकडे तिने अस्थिर केले. धर्मविषयक आकडे दोन वर्षे रोखून जुलै २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रत्येक धर्मास दोनदोन टक्केवाऱ्या द्याव्या लागल्या : प्रत्यक्ष मोजलेल्यांत बौद्ध ८९.८ टक्के, अनुमान मिळविल्यास ८७.९ टक्के. मुसलमान मोजलेल्यांत २.३ टक्के, अनुमान मिळविल्यास ४.३ टक्के. म्हणजे मुसलमानांच्या एकूण आकड्याचा जवळजवळ अर्धा भाग अंदाजाचा आहे. आणि तरीही या आकड्यांनी एक गोष्ट दाखविली. १९८३ मध्ये मुसलमानांचे प्रमाण ३.९ टक्के होते. मुसलमान भरमसाट वाढत आहेत, देश बुडविणार आहेत, असा जो प्रचार काही भिक्षूंनीसुद्धा चालविला होता, त्यास ३.९ वरून ४.३ पर्यंतच्या वाढीत आधार सापडत नाही. चीवर धारण करणाऱ्याने असा प्रचार करावा, याचा खेद आम्हांस लपवावासा वाटत नाही. विश्वसनीय आकडा असता तर ही अफवा दहा वर्षे आधीच थांबविता आली असती काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

कोणी म्हणेल, मग वंश विचारूच नये. फ्रान्समध्ये शिरगणतीत तो विचारीत नाहीत. आमचे मत तसे नाही. ज्यांस शाळेत, दवाखान्यात, नोकरीत वंशामुळे वगळले जाते त्यांची संख्याच ठाऊक नसेल तर वगळणूक सिद्ध करावयाची कशी? म्यानमारमधील अल्पसंख्यांनीही प्रश्न काढून टाका असे सरसकट म्हटले नव्हते; आमचे नाव आम्हांस सांगू द्या, एवढेच बहुतेकांचे म्हणणे होते. संख्याशास्त्रात यासाठी मार्ग आहेत. उत्तर जसे मिळाले तसे अक्षरांत लिहून घ्यावयाचे आणि वर्गीकरण नंतर, सर्वांसमोर करावयाचे. मिश्र कुटुंबातील व्यक्तीस एकाहून अधिक उत्तरे देऊ द्यावयाची. मातृभाषा, धर्म आणि वंश हे तीन प्रश्न एकमेकांवरून न ठरविता स्वतंत्रपणे विचारावयाचे. आणि मिळालेले आकडे लपवावयाचे नाहीत, कारण लपविलेला आकडा हा चुकीच्या आकड्याहून अधिक संशय निर्माण करतो. परंतु हे सर्व तंत्र एका अटीवर चालते. उत्तर देणाऱ्याचे नागरिकत्व त्या उत्तरावर टांगलेले नसावे. १९८२ चा कायदा जागेवर असेपर्यंत म्यानमारमध्ये ‘तुमचा वंश कोणता’ हा शिरगणतीचा प्रश्न राहतच नाही. तो न्यायालयातील उलटतपासणीसारखा होतो.

पुढे जे झाले त्याचा क्रम असा. रोहिंग्यांकडे १९९५ पासून दिलेली तात्पुरती पांढरी ओळखपत्रे होती. त्यांवर त्यांनी २०१० च्या निवडणुकीत मतदानही केले होते. ती ओळखपत्रे ३१ मार्च २०१५ रोजी रद्द झाली आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांस मत राहिले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये लष्कराच्या कारवाईनंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून बांगलादेशात गेले. २०१४ मध्ये जी माणसे अनुमानाने धरली होती त्यांतील बहुसंख्य आता त्या देशातच राहिली नाहीत.

२०२१ च्या उठावानंतरच्या लष्करी राजवटीने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा शिरगणती घेतली. ३३० टाउनशिपांपैकी, म्हणजे आपल्या तालुक्यांसारख्या विभागांपैकी, केवळ १४५ विभागांत ती पूर्ण होऊ शकली. एकूण लोकसंख्या ५ कोटी १३ लाख जाहीर झाली. त्यांतील ३ कोटी २२ लाख माणसे मोजलेली आहेत आणि १ कोटी ९१ लाख अनुमानाची. दहा वर्षांपूर्वी अंदाजाचा वाटा शेकडा अडीचहून कमी होता. या वेळी तो शेकडा सदतीसच्या वर गेला. ज्या भागांत अल्पसंख्य समूहांची वस्ती अधिक, तेथेच युद्ध अधिक, आणि तेथेच हा अंदाज अधिक.

रोहिंग्यांची माणशी नोंद झाली ती बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत. तेथील शासन आणि संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित-कार्यालय यांनी जून २०१८ मध्ये संयुक्त नोंदणी सुरू केली. बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या खुणा घेतल्या आणि १२ वर्षांवरील प्रत्येकास ओळखपत्र दिले. त्या ओळखपत्रावर ‘म्यानमारचे विस्थापित नागरिक’ अशा अर्थाचे शब्द होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये छावण्यांत हरताळ झाला. लोकांच्या मागण्यांत दोन ठळक होत्या : पत्रावर रोहिंग्या हे नाव असावे, आणि ही माहिती म्यानमारच्या शासनास देऊ नये. नाव घातले गेले नाही. लोकांची यादी मात्र परत पाठविण्याच्या बोलण्यांसाठी म्यानमारकडे पाठविण्यात आली.